आकडा तुमच्यामुळे वाढला, आपा

आपा,

शुक्रवारी दुपारी तुम्हाला माती दिली तेव्हा मी पुण्याहून निघालेल्या गाडीत होते, नगरच्या पुढे कुठेतरी. भानुदास पोचला होता. कबरस्तानाच्या फाटकापर्यंत तो त्याच्या तीनचाकी स्कूटरवर गेला आणि तिथून पुढे चालत. तुमचे पुतणे म्हणाले, धरून नेतो. तो नको म्हणाला. पायाला पट्टे बांधलेला माणूस त्या खडबडीत जमिनीवर कसा चालला असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. नंतर त्याचा फोन आला. "अक्का, माती देऊन आलो," एवढंच म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवला. मीही बंद केला नाही. गाडी चालू होती.

कागदावर तुमचं नाव शमीम आणि पुढे लांबलचक हुद्दा. गावात तुम्ही नर्सबाई. दिंद्रुडजवळच्या उपकेंद्रात तुम्ही आख्खी नोकरी काढली आणि सात गावं सांभाळली. माजलगावच्या फळवाल्यांची लेक, रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्या अन्वरभाईंची बायको. आणि आमच्या धनगराच्या पालात, आमच्या आईपासून माझ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी, आपा.

भानुदास जन्मला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मेंढरं तुमच्याच शिवारात एका रानात खतासाठी बसवली होती. आई पालातच बाळंत झाली. पोरगा रडला, सगळे हसले आणि मग चुलतीनं त्याला पुसायला पालथा केला. कमरेच्या खाली लिंबाएवढा फुगा होता. वरचं कातडं इतकं पातळ की आतलं पाणी दिसावं. चुलतीनं त्याला पटकन कापडात गुंडाळलं आणि आईकडे बघून म्हणाली, हिनं गिरानात इळी धरली होती, मी सांगत होते. पोटुशी बाईनं ग्रहणात विळीला हात लावू नये म्हणतात.

दादा धावत जाऊन तुम्हाला घेऊन आले. अन्वरभाईंनी जोडतोड करून दिलेल्या मोपेडवर तुम्ही आलात. मला सगळं आठवतं. तुम्ही आधी पाणी उकळायला लावलं, हात धुतले आणि मग कापड उचललं. फुग्याला हात लावला नाही. ओला स्वच्छ कपडा त्यावर ठेवला, पोराला पालथं धरलं आणि चुलतीला विचारलं, "गिरान समद्या गावाला लागलं व्हतं ना? मग समद्यांची लेकरं अशी कावून झाली न्हाईत?"

चुलती चुलीकडे वळली. मग तुम्ही आईजवळ बसलात आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "तू काय बी केलं न्हाई. ध्यानात ठिव. तुझी काय बी चूक न्हाई."

आज मी ज्या विषयावर पोट भरते त्याचा पहिला धडा मला त्या पालात मिळाला. ज्यांच्यावर आळ घेतला नुसतं त्यांच्याकडेच बघायचं नाही, ज्यांना काही झालं नाही त्यांच्याकडेही बघायचं. पुढे मोठमोठ्या वर्गांत हेच मला फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. मी मनात म्हणत होते, हे मला माहीत आहे, हे गिरानाचं आहे.

अंबाजोगाईला आपण एसटीनं गेलो. दादा मेंढरांपाशी राहिले. आई खिडकीशी, मी बोचकं घेऊन, आणि तुमच्या मांडीवर भानुदास पालथा. गाडी खड्ड्यात गेली की तुम्ही दोन्ही हातांनी त्याला वर उचलून धरत होता. अंबाजोगाई येईपर्यंत तुम्ही पाठ टेकली नाही. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फुगा बघितला आणि विचारलं की याला असं झाकून कुणी आणलं. तुम्ही म्हणालात, मी. ते म्हणाले, म्हणून फुटला नाही. ऑपरेशन झालं. पाय थोडे अधू राहिले, पण पोरगा राहिला.

तुम्ही तिथं तीन दिवस रजा टाकून थांबलात. दुसऱ्या दिवशी वऱ्हांड्यात बसून तुम्ही आईला विचारलं होतं की याच्या आधी कधी काही झालं होतं का.  मग तिनं सांगितलं. मला ते तोवर माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मेंढरं धर्मापुरीच्या शिवारात असताना तिला एक मुलगी झाली होती. डोक्याचा वरचा भाग झालाच नव्हता. ती रडली नाही. दादांनी कुणाला न सांगता बांधाच्या कडेला पुरली आणि दुसऱ्या दिवशी तळ हलवला. कोणत्या गावाची म्हणून तिची नोंद होणार? आम्ही कुठल्याच गावाचे नव्हतो.

त्या संध्याकाळी तुम्ही दवाखान्यासमोरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर आईच्या नावानं त्या मुलीची नोंद केली आणि दुसऱ्या ओळीत भानुदासची. मी शेजारी बसून बघत होते. मी म्हणाले, आपा, ती तर तुमच्या गावांतली नव्हती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कुठं तरी लिवायलाच पायजे ना गं."

बारा-तेरा वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, एकदा तुमच्या ओट्यावर चहा घेताना मी तुम्हाला विचारलं होतं. आईची चूक नाही, हे त्या दिवशी तुम्ही एवढ्या खात्रीनं कसं सांगितलं? तुम्हाला तेव्हा कारण ठाऊक होतं का? तुम्ही हसलात. "मला तवा काय बी म्हाईत नव्हतं, सुमे. आमच्या टरेनिंगात त्याच्यावर दोन वळी बी नव्हत्या. पन तुझ्या आईचं तोंड बघून दुसरं काय बोलनार व्हते?" मग थोडं थांबून म्हणालात की खोटं बोलून आले असं वाटत होतं, म्हणून शोधायला लागले.

शोधायला लागलात म्हणजे काय, हे मी इथं सांगून ठेवते, कारण तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. अंबाजोगाईच्या त्याच डॉक्टरांना तुम्ही पत्रं लिहिली. रविवारी जाऊन भेटलात. त्यांनी तुम्हाला समजावून दिलं की लेकराच्या पाठीची नळी पोटात पहिल्या महिन्यातच बंद होते, बाईला दिवस गेल्याचं कळायच्या आधी. फोलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व त्या वेळी अंगात पुरेसं असेल तर बंद न होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. साधी गोळी. आणि ती गोळी तुमच्या उपकेंद्राच्या कपाटात लोहाच्या गोळीत मिसळलेली पडून होती. बाई तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला आली की तुम्ही ती देत होता.

मोठ्या डॉक्टरसाहेबांपुढे, म्हणजे तुमच्या केंद्राच्या मेडिकल ऑफिसरपुढे, तुम्ही उभ्या राहिलात. नुकतंच लग्न झालेल्या पोरींना गोळी द्यायची परवानगी मागितली. ते म्हणाले, गरोदर नसलेली बाई पेशंट नसते, तिच्या नावानं गोळी कशी काढणार. तुम्ही म्हणालात, "साहेब, तिला कळंपतूर पाठ बंद हून जाती, न्हाईतर उगडी ऱ्हाती. मग आपन गोळी कुनाला देतोय?" साहेबांनी आठ दिवस घेतले. मग नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्यांची मागणी लिहून वर पाठवली. ते चांगले गृहस्थ होते. त्यांना कुणी तोवर असं विचारलं नव्हतं, एवढंच.

आणि मग तुम्ही लग्नांना जायला लागलात. बोलावलं असो वा नसो. अक्षता पडल्या, निकाह लागला, की बायकांच्या घोळक्यात शिरून नवरीच्या हातात गोळ्यांची डबी द्यायची आणि तिच्या सासूला बाजूला घेऊन समजवायचं. किती सासवा भडकल्या. आमच्या सुनेला काय रोग हाय का, म्हणून एकीनं डबी मांडवाबाहेर फेकली. तुम्ही ती उचलून, पदरानं पुसून, दुसऱ्या दिवशी तिच्याच घरी गेलात. माझ्या लग्नात तर तुम्ही स्टेजवरच आलात आणि माझ्या नवऱ्याला म्हणालात की हिच्या घरात असं झालंय, हिला जास्तीची गोळी लागंल, डाक्टरला इचारा, लाजू नका. फोटोत त्याचं तोंड अजून तसंच अवघडलेलं आहे.

पण मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो बीडच्या त्या बैठकीचा. मी तेव्हा कॉलेजात होते, प्रवेशाच्या कागदांसाठी तुमच्याबरोबर बीडला आले होते. तुम्ही मला मागच्या खुर्चीवर बसवलंत. एक वरिष्ठ अधिकारी आकडे वाचत होते. तुमच्या उपकेंद्रापाशी आले आणि थांबले. बाकी ठिकाणी जन्मजात दोषांच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य आणि तुमच्याकडे मात्र नोंदी. त्यांना वाटलं लिहिताना गफलत झाली. मग विचारलं, बाई, तुमच्याच गावांत असं काय आहे? हॉलमध्ये थोडं हसूही झालं.

तुम्ही उभ्या राहिलात. पदर सावरला. आवाज अजिबात चढवला नाही.

"माझ्या गावात येगळं काय बी न्हाई, साहेब. मी कापड उचलून बघते. मेलेलं लेकरू असलं तरी बघते. समद्यांनी उचलून बघावं, समदीकडं सापडतील."

हसू थांबलं. अधिकाऱ्यांनी तुमची वही मागितली. तुम्ही वही त्यांच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवून स्वतः पानं उलटून दाखवलीत. परत येताना एसटीत मी म्हणाले, आपा, तुम्ही घाबरला नाहीत. तुम्ही म्हणालात, पाय लटलट कापत व्हते, साडी व्हती म्हनून कुनाला दिसलं न्हाई.

पुढच्या वर्षी तालुक्यातल्या बऱ्याच नर्सबाई कापड उचलून बघायला लागल्या. आणि आकडा वाढला. चांगलाच वाढला. मग जी गडबड उडाली ती तुम्हाला आठवत असेल. कुणी म्हणालं रोग पसरतोय. कुणी म्हणालं धरणाचं पाणी. एका गावात बायकांनी हापशाचं पाणी सोडलं आणि दीड मैलावरून आणायला लागल्या. तुम्ही त्या गावात गेलात, त्याच हापशाचं पाणी सगळ्यांसमोर तांब्याभर प्यालात आणि ओट्यावर बसून समजावलंत की लेकरं आधीही अशी होत होती, फक्त बांधाच्या कडेला जात होती. नारायणगडच्या यात्रेत आरोग्याच्या मांडवात उभं राहून तुम्ही दिवसभर हेच सांगितलंत. घसा बसला. काही लोक मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की या नर्सबाईमुळं हा रोग आला.

एका अर्थी खरंच होतं ते. आकडा तुमच्यामुळे वाढला, आपा. याच्याहून मोठं काम मी माझ्या आयुष्यात कुणाचं पाहिलं नाही.

मी याच विषयात शिरले ते तुमच्यामुळे. पुण्यातल्या संस्थेत मी देशोदेशींचे आकडे लावायचं काम करते. कोणत्या देशात किती लेकरं पाठ उघडी घेऊन जन्मतात, ते प्रमाण कधी चढलं, कधी उतरलं. एका उन्हाळ्यात तुमच्या अंगणात लॅपटॉप उघडून मी तुम्हाला नकाशा दाखवला होता. आयर्लंड आणि वेल्समध्ये पूर्वी हे प्रमाण फार होतं. तुम्ही विचारलंत, तिकडं तर लई दूधदुभतं, मग कावून? मी सांगितलं की एकेकाळी तिथल्या सडक्या बटाट्यांवर ठपका ठेवला होता, पुढे तो टिकला नाही. तुम्ही इतक्या हसलात की अन्वरभाई गॅरेजमधून डोकावले. "म्हंजे त्यांच्यातबी गिरान असतंय!"

मग मी तुम्हाला कॅनडा दाखवला, चिली दाखवला. तिथं कायद्यानं पिठात फोलिक ॲसिड मिसळायला लागले आणि प्रमाण उतरलं. उत्तर चीनमध्ये ते फार जास्त होतं, तेही खाली आलं. तुम्ही लक्ष देऊन ऐकत होता. मग तुमचा नेहमीचा प्रश्न आला. आपली ज्वारी तर गावच्या गिरणीत दळून येते, तिच्यात कोण मिसळणार? मी म्हणाले, म्हणूनच अवघड आहे. तुम्ही पुढे विचारलंत, पीठ खाऊन बी जी थोडी लेकरं तशी होत्यात, ती कावून? मी म्हणाले, अजून कुणालाच पुरतं माहीत नाही. हे उत्तर तुम्हाला आवडलं. खरं वाटलं, असं म्हणालात.

नकाशावर आपल्याकडचा भाग राखाडी होता. पुरेशी नोंद नाही असा त्याचा अर्थ. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. "हितं माझी वही लाव ना."

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, आपा, सात गावं फार थोडी. तुम्ही वही काढलीत. गोळ्या वाटायला लागल्यानंतरच्या वर्षांत नोंदी कमी झालेल्या दिसत होत्या. तुम्ही ती पानं माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, हे बघ, उतरलं. मी म्हणाले, एवढ्या लहान आकड्यांत असा चढउतार नुसत्या योगायोगानंही होतो. त्यात आता सोनोग्राफी आली, काही गरोदरपणं आधीच थांबवली जातात, तीही धरायला हवीत. उतरलं असं छातीठोक म्हणता येणार नाही.

तुम्ही वही मिटलीत. "लहान हाय म्हनून खोटा हाय का माझा आकडा?"

मी म्हणाले, खोटा नाही, पण पुरावा नाही. तुम्ही स्वैपाकघरात गेलात आणि त्या दिवशी मला न जेवता जाऊ दिलं नाहीत, पण बोललाही नाहीत. त्यानंतर प्रत्येक भेटीत आपण हे भांडलो. तुम्ही निवृत्त झालात तरी भांडलो. तुम्ही नवनवे मुद्दे काढत होता, त्यातले दोन तर इतके नेमके होते की मी ते माझ्या सहकाऱ्यांना सांगितले, तुमच्या नावानं. हे तुम्हाला मी कधी कळवलं नाही. का नाही कळवलं, याचं उत्तर मी या चार दिवसांत शोधते आहे. बहुधा भांडणात तुम्ही जिंकलात असं तुम्हाला वाटेल, एवढ्याच क्षुद्र भीतीनं.

काल तुमच्या घरी बसले होते. तुमच्या लेकीनं, नसरीननं, मला बाजूला नेऊन सगळ्या वह्या दिल्या, तुम्हीच सांगून ठेवलं होतं म्हणाली. मी रात्रीची वाट न बघता तिथंच ओट्यावर बसून त्या पुन्हा मांडल्या, अगदी तुमच्या बाजूनं. आणि आपा, मी आजही तेच म्हणेन. उतरलं असं एवढ्यावरून सिद्ध करता येत नाही. तुम्ही गेलात म्हणून मी आता गोड बोलले असते तर तुम्हाला ते मुळीच चाललं नसतं. पण दुसरी गोष्ट मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवी होती. त्या वह्यांत एकही पान रिकामं सोडलेलं नाही. मेलेल्या लेकरांच्या आयांची नावं तुम्ही जिवंत लेकरांच्या आयांइतक्याच सुवाच्य अक्षरात लिहिली आहेत. मी जगभरच्या नोंदी पाहिल्या आहेत, सुसज्ज दवाखान्यांतल्या, संगणकावरच्या. एवढ्या प्रामाणिक नोंदी मी फार थोड्या पाहिल्या. तुमचं काम माझ्या कामापेक्षा लहान आहे असं मी एकदाही मनात आणलं नव्हतं. तुम्हाला तसं वाटलं असेल तर ती चूक माझी.

घरात बायका येत होत्या. कितीतरी मला ओळखतही नव्हत्या. आमची आई सकाळपासून नसरीनच्या शेजारी बसून होती, कुणी आलं की सरकून जागा करून देत होती. एका बाईनं तिला विचारलं, तुमी कोन यांच्या? आई म्हणाली, मी यांच्या वहीतली पहिली.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात तुमचा फोन आला होता. मी बैठकीत होते, दोन मिनिटांत करते म्हणाले आणि केला नाही. काय विचारायचं होतं ते मला नसरीननं काल सांगितलं, आणि तिनं सांगायच्या आधीच मला माहीत होतं. विचारायचं होतं ते भानुदासच्या बायकोबद्दल; तिला पाचवा महिना आहे. लग्नाच्या कितीतरी आधीपासून तुम्ही तिच्या मागं लागला होता, ती गोळ्या घेते की नाही म्हणून. बाळाची पाठ बघायची सोनोग्राफी कधी, कुठं, कोण करणार, हे सगळं तुम्हीच ठरवून दिलं होतं आणि तिच्याबरोबर स्वतः जाणार होता.

तपासणी आज सकाळी झाली. मी बरोबर गेले. डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि मानेपासून खालपर्यंत बोट फिरवत नेलं, एकेक मणका दाखवत. भानुदास उभ्या उभ्या बघत होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

पाठ बंद आहे, आपा. वरपासून खालपर्यंत.